मानाची बोटं

आमच्या घरात अंगठा लावायच्या आधी तो चाटायची पद्धत आहे. रेशनच्या मशीनवर आबांचा अंगठा एकदा उमटला नाही, तेव्हा त्यांनी तो जिभेवर फिरवून पुन्हा लावला आणि तो उमटला. तेव्हापासून हे सुरू झालं. "कोरडं बोट मशीनला कळत न्हाई," असं आबा सगळ्यांना सांगतात. तंबाखू मळलेला अंगठा जिभेवरून फिरतो आणि थेट माझ्या फोनच्या काचेवर टेकतो. मला शिसारी येते. मी फोन पदराने पुसते आणि नंतर तो पदर धुवायला टाकते.

फोन माझा आहे हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण घरात तसं कुणालाच वाटत नाही. मी सुवर्णा. वडगाव रासाईला आमचं शेत, घर आणि घरावर मोठी गच्ची. त्या गच्चीवर मी उन्हाळाभर कुरडया, पापड, सांडगे, शेवया घालते आणि एका विक्रीच्या अ‍ॅपवर विकते. दुकानाचं नाव 'सुवर्णाचं वाळवण'. पुण्याच्या, दौंडच्या बायका मागवतात, शिक्रापूरला खोल्या घेऊन कंपनीत जाणाऱ्या पोरीही मागवतात. फोन त्याच कमाईतून घेतला.

पण फोन घरी आला त्या दिवशी माझी सासू नारळ आणि हळदकुंकू घेऊन बसली. आमच्यात कुठलीही नवी गोष्ट आली की तिला पहिला हात लावायचा मान ठरलेला असतो. ट्रॅक्टर आला तेव्हा पहिलं स्टिअरिंग आबांनी धरलं, बोअरला पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ आबांची. मग फोनमध्ये पहिलं बोट कुणाचं? सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं. दुसरं माझ्या धाकट्या दिराचं, सत्यजीतचं, कारण त्याला फोनमधलं कळतं. तिसरं माझ्या नवऱ्याचं, भारतचं. पाबळचे हनुमंतमामा त्या दिवशी जेवायला होते, पाहुण्याला वगळायचं कसं, म्हणून चौथं त्यांचं. पाचवं पुन्हा सत्यजीतच्या डाव्या हाताचं, गाडीवर असताना बरं पडतं म्हणून. माझा नंबर आला तेव्हा फोनने सांगितलं, आता जागा नाही.

सगळे हसले. हनुमंतमामा तर सुपारी ठसकेपर्यंत हसले. "वहिनी, तुम्ही आकडे दाबून उघडा," असं सत्यजीतने सांगितलं, आणि आकडेही त्यानेच ठरवले, त्याच्या जीपच्या नंबरचे. म्हणजे पाबळात बसलेल्या माणसाच्या बोटाने माझा फोन उघडत होता आणि माझ्या बोटाने उघडत नव्हता. तेव्हा मीही हसले होते, त्याचाच मला आता जास्त राग येतो.

दुकानाचं खातंही सत्यजीतनेच उघडून दिलं होतं. पासवर्ड त्याचा, नंबर त्याचा. अ‍ॅप मधेच बाहेर टाकायचं, मग आत जायला ओटीपी लागायचा आणि तो जायचा सत्यजीतच्या फोनवर. मी पिठाच्या हाताने त्याला फोन लावायचा, आणि तो चौकात चार पोरांमध्ये बसून एकेक आकडा असा सांगायचा की जणू पदरात भीक घालतोय. त्याला यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. एके दिवशी माझ्या दुकानाच्या वर, जिथे कुरडयांचा फोटो होता तिथे, त्याचा काळा गॉगल लावून हात जोडलेला फोटो आला. खाली 'सत्यजीतदादा मित्रमंडळ' असं लिहिलेलं. पुण्याच्या एका बाईने विचारलं, "ताई, हे पापडाबरोबर फुकट आहेत का?" मी तो फोटो काढायचे, तो परत लावायचा. तरीही ते सगळं मी सोसत होते. घरातल्या माणसाचा मिरवायचा सोस, असू दे.

मग प्रगतीताईंचा फोन आला.

प्रगतीताई दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतात, त्यांचे मिस्टर रेल्वेत गाडीवर असतात. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "ताई, एक फोटो पाठवलाय, तो बघा. आणि मला खरं सांगा." फोटो त्यांच्या फोनच्या पडद्याचा होता. वर माझ्या दुकानाचं नाव आणि खाली माझ्या दुकानाकडून आलेला मेसेज: 'मॅडम फोटो छान आहे तुमचा. मिस्टर रात्रपाळीला असले की एकट्याच असता का.'

मी चुलीपाशी बसले होते. उठून मोरीपाशी गेले आणि फोन धरलेला हात साबणाने धुतला. माझ्या नावाने! मी ज्या नावाने कुरडया विकते, त्याच नावाखाली हे. माझ्या फोनवर तो मेसेज दिसतही नव्हता, माझ्या बाजूने पुसून टाकलेला. अशा किती बायकांना गेले असतील? गेल्या महिन्यात तीन-चार जणींनी काही न सांगता मागवणं बंद केलं होतं. मी आपली समजत होते, मिठाचं प्रमाण चुकलं असेल.

भारतला दाखवलं. त्याने वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाला, "सत्याचंच काम. दुसरं कोन हाय? पासवर्ड त्याच्याकडं, ओटीपी त्याच्याकडं. पर निवडणूक तोंडावर हाय, आत्ता नको बोलू." निवडणूक तोंडावर आहे म्हणून एका बाईने असले मेसेज गिळायचे!

दुसऱ्या दिवशी कुरडयांची पिशवी घेऊन मी एकटी दौंडला गेले. पुलावरून जाताना खाली भीमा नावालाही दिसत नव्हती. सगळी जलपर्णी, आणि तिच्याखालून पुण्याचं सगळं वाहून आलेलं. एसटीतल्या बायकांनी नाकाला पदर लावले. मी लावला नाही, मला त्या दिवशी त्याहून वाईट वास येत होता.

प्रगतीताईंनी चहा केला. पिशवी घेतली, पण उघडली नाही. "तुम्ही लिहिलं नाही हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण हा मेसेज मिस्टरांनी आधी वाचला असता तर? आणि बाकीच्या बायकांनी काय समजायचं? त्यांना तर तुमचंच नाव दिसतं ना." मला वर बघवेना. मी म्हणाले, "दुकान बंद करते, ताई." त्यावर त्या चिडल्या. "दुकान कशाला बंद करता? दार बंद करा!"

मग त्यांनी मला ते दाखवलं. खात्याला पासवर्डच ठेवायचा नाही. ओटीपीही नाही. त्याऐवजी पासकी करायची, म्हणजे तुमचा फोन तुमच्या बोटाने जसा उघडतो, तसंच खातंही त्या फोनवर त्याच बोटाने उघडायचं. "पासवर्डच नसला तर तुमचे दीर वापरणार काय?" त्या म्हणाल्या. मला ते इतकं आवडलं की मी चहा तसाच ठेवून फोन काढला. सेटिंगमध्ये गेले, 'पासकी तयार करा' दाबलं. फोन म्हणाला, बोट लावा. मी लावलं. फोन थरथरला: बोट ओळखता आलं नाही.

तेव्हा मला त्यांना मानाची गोष्ट सांगावी लागली. नारळ, आबा, पाबळचे मामा, सगळं. प्रगतीताई आधी हसल्या आणि मग त्यांचं हसू पार गेलं. "अहो, म्हणजे पासकी केली तरी ही पाचही माणसं खातं उघडणार! फोन बोट बघतो, बोट कुणाचं ते थोडंच बघतो." फोनच्या यादीत नावं नव्हती, नुसतं बोट एक, बोट दोन, असं पाचपर्यंत. त्यांतलं सत्यजीतचं कुठलं, ते मी कसं ओळखणार? ताईंनी विचारलं, "कुठलं काढायचं?"

मी पाचही काढली. पहिलं काढताना मात्र अंगठा क्षणभर थांबला. ते आबांचं होतं, एवढं मला ठाऊक होतं. आबा वाईट नाहीत. पण वाईट नसलेल्या माणसाची थुंकीही थुंकीच असते. काढलं. जीपच्या नंबरचे आकडे बदलले. मग माझा अंगठा लावला, पुन्हा उचलला, पुन्हा लावला, फोन सांगेल तसा. कोरडा अंगठा. मशीनला व्यवस्थित कळला. मग पासकी झाली, पासवर्ड काढला, सत्यजीतचा नंबर जाऊन माझा आला, त्याचा गॉगलवाला फोटो काढला, आणि शेवटी 'सगळ्या फोनमधून बाहेर पडा' हेही दाबलं. ताईंनी तेव्हा कुठे पिशवी उघडली आणि एक कुरडई कच्चीच मोडून तोंडात टाकली.

घरी पोचले तर सत्यजीत अंगणात नाचत होता. "माझा ओटीपी बंद केला! माझा फोटो उडवला! आबा, ह्या वहिनीनं खातं चोरलं!" आबा बाजेवर बसले होते. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी अंगठा चाटला, लावला. फोन थरथरला. पुन्हा चाटला, पुन्हा लावला. मग त्यांनी फोन बाजेवर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांना पंगतीतून उठवलं होतं. "माझं बोट काढलंस व्हय गं?"

सासू म्हणाली, "घाल पुन्यांदा. मान हाय त्यो." सत्यजीत म्हणाला, "माझं बी घाला." मग माझी सहनशक्ती संपली. मी प्रगतीताईंनी पाठवलेला फोटो उघडला आणि तो मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. शब्द न् शब्द. सासऱ्यासमोर असं वाचायला लाज वाटायला हवी होती, पण माझी लाज त्या लिहिणाऱ्याने आधीच खर्चून टाकली होती.

सत्यजीतची बायको सुषमा दारात उभी होती, कडेवर पिंकी. तिने विचारलं, "ह्ये तुम्ही लिव्हलं?"

"फोटो लावला, त्ये मी. ह्ये मी न्हाई! आईशप्पथ, पिंकीची शप्पथ!"

"लेकराची शप्पथ घेऊ नगं," आबा म्हणाले आणि उठून त्यांनी पस्तिशीच्या पोराच्या थोबाडीत मारली. सत्यजीत गाल धरून भारतकडे बघत राहिला. भारत खाली बघत होता. मला वाटलं, भावाची लाज वाटतेय.

सुषमाने घरात भांडण केलं नाही. सकाळी भर चौकात, त्याच्या त्या मित्रमंडळासमोर, सत्यजीतला तोंडाला येईल ते बोलली आणि पिंकीला घेऊन शिरूरला माहेरी निघून गेली. सत्यजीतचा निवडणुकीचा फॉर्म भरायचा राहिला. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गिऱ्हाइकांना खुलासा करायला हवा होता. मी लिहायला बसले तेव्हा भारत शेजारी येऊन बसला. मी लिहिलं होतं, 'आमच्या घरातल्या एका माणसाने'. तो म्हणाला, "असं नको. एक मानूस म्हनलं की लोक माझ्यावर बी शंका घेतील. सरळ दिराचं नाव घाल. लोकांना कळू दे." मला ते पटलं. नाव घातलं. त्याने वाचून एक शब्द दुरुस्तसुद्धा केला. मेसेज सगळ्यांना गेला. बायकांची उत्तरं आली, कुणी शाबासकी दिली, कुणी लगेच शेवया मागवल्या. त्या आनंदातच भारतने हळूच विचारलं, "माझं तरी बोट घाल की. मी गावाला माल पोचवायला जातो, पत्ता बघायला फोन लागतो." मी घातलं. नवरा आहे. शिवाय त्याला मी अंगठा चाटू दिला नाही, कोरडाच लावायला लावला, याचाच मला केवढा अभिमान!

आठवडाभराने मी दळण आणायला गिरणीत गेले होते. फोन घरी चार्जिंगला लावलेला. परत आले तर शिक्रापूरच्या नकुशीचा फोन. ती कंपनीत पॅकिंगला आहे, खोली घेऊन एकटी राहते. रडत नव्हती, चिडली होती. "ताई, तुम्ही तर म्हनला दिराला बंद केलं. मंग ह्ये काय पाठवलंय आत्ता?"

मी खात्यात बघितलं. काही नव्हतं, पुसलेलं. तिला म्हणाले, मला फोटो पाठव. आला. 'रूमवर एकटीच असते का. उद्या माल घेऊन शिक्रापूरला येतोय, दुपारी असशील ना.'

मेसेजची वेळ मी गिरणीत होते तेव्हाची.

पीठ डोक्यावरून उतरवायचंही राहिलं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि फोनच्या सेटिंगमध्ये गेले. उगाच गेले, मला माहीत होतं तिथे काय आहे. बोट एक. बोट दोन. पहिलं माझं. नवे आकडे मी कुणाला सांगितले नव्हते. सत्यजीत सकाळपासून शिरूरला होता, सुषमाच्या बापाच्या पाया पडायला.

दुसरं बोट भारतचं. याच माणसाच्या ताटात मी रोज पहिली भाकरी वाढते. याच्याच शेजारी झोपते. आणि त्या संध्याकाळी तो माझ्या शेजारी बसून मला शिकवत होता, भावाचं नाव घाल म्हणून! मेसेज ज्याने लिहिले तो घाणेरडा होताच, पण खुलासा तपासून देणारा हा जो माणूस होता, त्याची मला जास्त किळस आली. आमच्या गल्लीतलं गटारही एवढं आतून वाहत नाही, ते निदान उघड्यावर असतं.

भारत गोठ्यामागून हात पुसत आला. मी फोन त्याच्यासमोर धरला. म्हणाले, "अंगठा लावा."

"कशाला?"

"लावा तर."

लावला. फोन उघडला आणि नकुशीने पाठवलेला फोटो समोर आला. तो वाचायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग म्हणाला, "आगं, नुसती चेष्टा केली. जानार थोडाच होतो."

"आन् प्रगतीताईंना केली ती?"

तो पुसलेले हात पुन्हा पुसायला लागला.

"सत्यजीतभाऊजींनी मार खाल्ला तवा तुम्ही तिथं हुता."

"आबांनी मारलं. मी मारलं का?" आणि मग, आवाज खाली घेऊन, "हे बघ, झालं ते झालं. सत्याचं नाव गेलंच हाय आता. दोघांचं कशाला घालवायचं? घरातली गोष्ट हाय."

मी त्याच्यासमोर बोट दोन काढलं. मग पायरीवर बसून अंगठा लावला, खातं उघडलं आणि लिहायला लागले. तो मागे उभा राहून वाचत होता. 'आधीच्या खुलाशात मी माझ्या दिराचं नाव घातलं, ते खोटं होतं. त्यांची मी माफी मागते. ते मेसेज माझ्या नवऱ्याने पाठवले.'

"नाव नको," तो म्हणाला. "सुवर्णा, ऐक. घरातला मानूस, एवढंच लिही. मी पाया पडतो."

मी त्याचं नाव लग्नपत्रिकेत छापतात तसं पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, भारत भिमाजी, पुढे आडनाव, गाव. आणि पाठवलं. फोन लगेच वाजायला लागला, पण मी आधी सुषमाला लावला. तिला सगळं सांगितलं. मागे पिंकी काहीतरी मागत होती आणि सुषमा तिला उत्तर देत नव्हती.

मग ती म्हणाली, "मी त्यांना चौकात काय काय बोलले, ताई."

"व्हय. माझ्यामुळं. त्यांना मी सोत्ता सांगते, फोन दे त्यांच्याकडं."

"देते." पण तिने लगेच दिला नाही. तिने विचारलं, "मी माहेरला आले. तुम्ही आता कुठं जानार?"

भारत अजून मागेच उभा होता. फोन स्पीकरवर नव्हता, तरी सुषमाचा आवाज तसा मोठा आहे, त्याला ऐकू गेलंच असणार. मी वर बघितलं नाही.

"मी कशाला कुठं जाऊ?" मी म्हणाले. "वर गच्चीवर माझं वाळवण पडलंय. जायचं त्यानं."